कुंपण

चादरीवर विणायच्या मोराची नक्षी उघडायला रेणुकानं बटण दाबलं आणि फाइलींची खिडकी पुन्हा रुसून बसली. "अक्का, कॉम्प्युटर म्हातारा झालाय," म्हणत धाकटी जाऊ चहा टाकायला आत गेली.

रेणुकानं वैतागून सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. नक्ष्या चोरीला जायला लागल्यावर तिनं मुद्दाम हे कुंपणातलं सॉफ्टवेअर घेतलं होतं. परवानगीशिवाय ते बाहेरच्या कशालाही हात लावत नसे. तरी तिचे मोर तिच्याआधीच 'सप्तरेघ' या दुसऱ्या चादरवाल्यांच्या नावानं सोलापूरच्या बाजारात नाचत होते.

"मॅडम, दोष सॉफ्टवेअरचा नाही," पलीकडची मुलगी म्हणाली. "एकदा जोडलेली डिस्क काढून नेली, तरी खिडकी दर वेळी तिला शोधत बसते."

"आमच्याकडे बाहेरची डिस्कच नाही."

"डावीकडं बघा. फिकट अक्षरांत तिचं नाव असेल."

नाव होतं. सप्तरेघ.

या खोलीच्या चाव्या रेणुका आणि जाऊ या दोघींकडंच होत्या. जिचा हात धरून पहिली रेघ काढायला शिकवली, तिनंच! सॉफ्टवेअरला कुंपण घालत बसले आणि इथं कुंपणानंच शेत खाल्लं.

मुलीनं सांगितलं तसं तिनं ते नाव पुसलं. खिडकी झटक्यात उघडली.

जाऊ चहा घेऊन आली. "अगंबाई, उघडलं की! काय केलंत, अक्का?"

"म्हातारा तुझ्या डिस्कची वाट बघत थांबला होता. आता थांबायचा नाही."

कपाला हात न लावता रेणुकानं तळवा पुढं केला.

"चावी दे."