साप असलेलं झाड

भरतीला दोन तास उरले होते आणि झाड समुद्राकडे झुकत चाललं होतं. कालच्या वादळाने मुळांखालची वाळू धुऊन नेली होती. ढोलीत काकाकुव्याची दोन पिल्लं ओरडत होती. त्यांचे आईबाप डोक्यावर घिरट्या घालत होते, पांढरेशुभ्र, शेपटीखाली लाल.

तेओफिलो वरच्या फांदीवरून टाकलेला दोर धरून खाली उभा होता. एके काळी फिलिपिन्समधल्या पालावानच्या किनाऱ्यावर पिल्लं पळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गेली अठरा वर्षं तो याच बेटावर काकाकुव्यांचा राखणदार होता. इथल्या प्रत्येक ढोलीत त्याचा हात गेला होता. फक्त ही सोडून.

"मी नाही चढणार," तो म्हणाला. "आत नाग आहे. माझा भाऊ नाग चावूनच गेला."

"बावीस वर्षं एकाच ढोलीत बसलाय होय तो नाग?" शेजारचा देल्फिन हसला.

"मग घाल की तू हात."

देल्फिन दोन पावलं मागे सरकला.

तेओफिलोची बायको रोसेंदा शिंपले वेचायला आली होती. तिने टोपली वाळूत ठेवली, नवऱ्याच्या हातातला दोर ओढून घेतला आणि त्याचं एक टोक कमरेला बांधलं. मग एक झोळी गळ्यात अडकवली.

"वेड लागलं का तुला? बावन्न वर्षांची आहेस! आणि नाग तर तूच पाहिला होतास ना?"

"दोर घट्ट धर," ती म्हणाली.

माडांवर चढत वाढलेली बाई ती. गुडघा सोलवटला तरी थांबली नाही. अर्ध्यावर एक मूळ कडाडलं आणि झाड हातभर खाली आलं.

"मनांग, उतरा खाली!" थोरल्या बहिणीला हाक मारावी तसा देल्फिन ओरडला.

तिने खाली पाहिलंच नाही. ढोलीपाशी पोचताच खांद्यापर्यंत हात आत घातला. तेओफिलोने डोळे मिटले, पण दोर सोडला नाही.

एक पिल्लू झोळीत आलं. मग दुसरं.

खाली आल्यावर त्यांनी पिल्लं शेजारच्या झाडावर घरट्यासाठी टांगलेल्या लाकडी पेटीत ठेवली. बऱ्याच वेळाने मादी पेटीच्या तोंडाशी येऊन बसली आणि आत वाकली. तेव्हा कुठे तेओफिलोने दोर खाली टाकला. त्याने रोसेंदाचा हात उलटसुलट करून पाहिला. चोचींचे ओरखडे होते, बाकी काही नाही.

"नाग कुठे गेला मग?"

"नाग कधी नव्हताच, तेओ. बावीस वर्षांपूर्वी तू बेटावरच्या सगळ्या ढोल्या रिकाम्या केल्यास. हे एकच घरटं उरलं होतं. आज इथे जे काही उडतंय, ते सगळं त्यातलं."

तेओफिलोने तिचा हात सोडला. "मग खरं का नाही सांगितलंस तेव्हा?"

"सांगितलं होतं," रोसेंदा म्हणाली. "आधी तीन वेळा सांगितलं होतं, की दया कर."