नळीची पुडी

डब्लिनहून तासभर ड्राइव्ह करून गुप्तेकाका हॅरल्डच्या फार्मवर पोचले, तर कुंपणात जेमतेम तीस मेंढ्या.

"शनिवारी ट्रक येऊन याही घेऊन जाईल," म्हातारा हॅरल्ड म्हणाला. "लॅम्ब खातंय कोण आता? माझी नातवंडंसुद्धा नाक मुरडतात. तुझ्यासारखी चार गिऱ्हाइकं उरली होती फक्त."

मग त्याने नेहमीसारखं मटण बांधून दिलं आणि वर एक वेगळी पुडी ठेवली. "ही उत्तराची नाली."

'नळी' हा शब्द त्याला उत्तराकाकूंनीच शिकवला होता. पंचवीस वर्षांत त्याला तो नीट म्हणता आला नाही, पण त्यांची पुडी बाजूला काढायला तो एकदाही विसरला नव्हता.

"तिचे गुडघे कसे आहेत? हल्ली येतच नाही ती."

"दुखतात. थंडीत जरा जास्तच."

"तिला माझं सॉरी सांग. म्हणावं, आता नाली बंद."

"सांगतो," काका म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी ती पुडी फ्रीझरमध्ये कोंबली. आत तसल्याच इतक्या पुड्या होत्या, की दार धड लागेना. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. काकांनी सगळ्यांना कळवलं होतं, एका हॅरल्डला सोडून.

शनिवारी तो ट्रक गेला, की 'उत्तरा कशी आहे?' असं विचारणारं जगात कुणीच उरणार नव्हतं.