चूल पेटवायची नाही

शनिवारी दुपारी सासूबाई मिसरोदहून अळिवाचे लाडू घेऊन आल्या, म्हणाल्या, “आमच्याकडे बाटली कुणी लावली नाही हं. अंगावर पाजतेस ना?” शमिकाच्या आधी आईच बोलली, “पोटभर पितो हो, विहीणबाई!” खोलीचं दार लावून तिनं पावडरचं दूध बाटलीत कालवलं, नातवाला पाजलं आणि लेकीला डोळा मारला. रविवारी सकाळी आई उठलीच नाही. नागपूरहून भाऊ येईपर्यंत तिला नेता येणार नव्हतं, आणि बाळ भुकेनं किंचाळत होतं. सुन्न शमिकानं पातेल्यात पाणी घेतलं. सासूबाईंनी हात धरला. “अगं, आईला नेईपर्यंत चूल पेटवायची नाही. बाळाचं काय अडलंय? घे अंगावर.” शमिकानं भुईवर निजवलेल्या आईकडे सवयीनं पाहिलं. जमलेल्या बायका सरकून जागा करू लागल्या. मग ती सगळ्यांदेखत म्हणाली, “मला दूध आलंच नाही कधी. पाणी उकळू द्या.”