गड उतरला की

“काकू, मला खरंच काही आठवत नाही हो,” ट्रेक लीडर तेजल म्हणाली. तिच्या कानामागची यंत्राची टिकली नुकतीच काढली होती. तिथली कातडी अजून लाल होती.

शैलाताईंनी तिला गदागदा हलवलं. “माझी गार्गी तुझ्या मांडीवर गेली! बाकीची मुलं पुढे होती, तू एकटीच होतीस जवळ. शेवटचं काय बोलली, एवढं तरी सांग.”

निघताना प्रत्येक मुलाचं दुखणंखुपणं त्या टिकलीतून लीडरच्या डोक्यात शिरायचं आणि गड उतरला की पुसलं जायचं. इतर आयांना तेवढं पुरलं होतं. शैलाताईंनी मात्र ट्रेकवाल्यांना बजावलं होतं, “हिला फिट येते, हे उद्या लग्न ठरवताना कुणाच्या तोंडी यायला नको. गडावर फिट आलीच, तर तो अख्खा प्रसंग पुसून टाका.”

यंत्राने सांगितल्याबरहुकूम केलं होतं.

तेजलला रडू येत होतं, पण कुणासाठी ते समजत नव्हतं. तिने मनगट पुढे केलं. त्यावर नखांचे चार ताजे व्रण होते.

“काकू,” तिने विचारलं, “हे तिचेच का?”