चौदावा प्रश्न

तपासणीसबाईंनी पलंगामागचं बटण दाबलं. अकराव्या सेकंदाला सेविका धापा टाकत हजर झाली. फॉर्मवरचा चौदावा प्रश्न होता, ‘घंटा वाजते का?’ बाईंनी पुढे ‘होय’ लिहिलं. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांचा जीव भांड्यात पडला.

“आता मला वाजवायला सांगा,” पलंगावरचे आजोबा म्हणाले.

या आजोबांना आश्रमात सगळे ‘कटकटे’ म्हणत. त्यांनी हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. बटणाची वायर त्यांच्या डोक्याच्या दोन हात वर, खिळ्याला नीट गुंडाळलेली होती.

“खाली सोडली की उठसूट वाजवतात हो,” सेविका बोलून गेली. व्यवस्थापकांनी डोळे वटारले, तशी ती चादर नीट करू लागली. चादर नीटच होती.

आजोबांनी बाही वर सरकवली. कोपरापासून दंडापर्यंत काळंनिळं झालं होतं. “मंगळवारी संडासला जायला एकटा उठलो आणि पडलो. दीड तास फरशीवर होतो. ओरडून ओरडून घसा बसला. पुन्हा पडलो तर काही मी उठायचा नाही.”

“पडले, हे आम्ही नाकारत नाही,” व्यवस्थापक अदबीने म्हणाले. “पण मॅडम, घंटा वाजते का, एवढंच विचारलंय. ती वाजते.”

व्यवस्थापक बोलत होते ते अक्षरशः खरं होतं. बाई चार वर्षं हेच काम करत होत्या. असे खिळे त्यांनी किती आश्रमांत पाहिले आणि किती वेळा ‘होय’ लिहिलं, याचा हिशेब लागेना. त्यांना स्वतःची शरम वाटली, आणि शरम वाटली की त्यांना राग यायचा.

“मी तरी काय करू, आजोबा? तुमचा हात पोहोचतो का, असा प्रश्नच फॉर्ममध्ये नाही! ज्या कुणी हा फॉर्म केलाय ना, तो जन्मात कधी अंथरुणावर पडला नसणार.”

आजोबांनी बाही खाली ओढली.

“नव्हतो पडलो,” ते म्हणाले. “तुझ्याच खात्यात साहेब होतो. धडधाकट होतो, दोन दिवसांत हा फॉर्म उरकला. लिही पोरी, प्रश्न चौदा-अ.”