तळघरातली लस

काउंटी मंडळाच्या सभेत व्हर्ना टॉलिव्हरला बोलायला तीन मिनिटं दिली होती. त्यातलं पहिलं मिनिट टाळ्यांत गेलं. टाळ्या तिच्यासाठी नव्हत्या. तिच्या आधी बोललेल्या बाईने "आमच्या पोरांना काय टोचायचं ते आम्ही ठरवू, सरकार नाही," असं म्हणून भिंतीवरच्या झेंड्याला सलाम ठोकला होता.

"गोवराचे एकोणीस रुग्ण झालेत," व्हर्ना म्हणाली. बावीस वर्षं ती या काउंटीची परिचारिका होती. समोरच्या बहुतेकांना तिने लहानपणी सुई टोचली होती. "एक मूल गेलंय. निदान शाळा उघडेपर्यंत तरी दवाखाना चालू ठेवा. आणि चार जुलैची मिरवणूक पुढे ढकला. मी एवढंच मागतेय."

"देशाचा वाढदिवस पुढे ढकलायचा?" मागून कोणीतरी विचारलं. लोक हसले.

दुसऱ्या रांगेत हॉफर बसला होता. गेलेली चार वर्षांची मुलगी त्याचीच. त्याच्याकडे बघायचं नाही असं व्हर्नाने ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. तो बुटांकडे बघत होता.

अध्यक्षांच्या खुर्चीत तिचा थोरला भाऊ होता, गार्थ. त्याने घड्याळ बघितलं. "वेळ संपली, मिसेस टॉलिव्हर," तो म्हणाला. सख्ख्या बहिणीला.

दवाखाना उद्यापासून बंद, उरलेल्या लशी राज्याला परत, असा ठराव मांडला गेला. पाचही सभासदांनी हात वर केले. लोकांना हात वर करायला कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनीही केले. हॉफरनेसुद्धा. गार्थने पंधरा मिनिटांची सुट्टी जाहीर केली.

दवाखाना त्याच इमारतीच्या तळघरात होता. व्हर्ना खाली आली आणि फ्रिजमधल्या कुप्या बर्फाच्या पेटीत भरायला लागली. डोक्यावर बुटांचे आवाज चालू होते. तिथे आता कॉफी आणि डोनट वाटले जात असणार.

मागचं दार वाजलं. गार्थ आत आला. कडेवर नात होती, एल्सी, अकरा महिन्यांची. समोरच्या चर्चच्या पाळणाघरातून तिला घेऊन तो इमारतीला वळसा घालून आला होता.

"हिला दे," तो म्हणाला.

"काय देऊ?"

"व्हर्ना, छळू नकोस."

"तोंडाने म्हण ना. काय देऊ?"

त्याने दार आतून लावून घेतलं.

व्हर्नाने पेटीचं झाकण बंद केलं. "वर जा आणि हेच सगळ्यांसमोर बोल. तुझ्या तोंडाकडे बघून ठरवणाऱ्या आया आहेत तिथे. तू एकदा म्हण, की मी माझ्या नातीला टोचून घेतलं. बास. मग देते."

"तसं बोललो तर नोव्हेंबरच्या निवडणुकीत लोक मला घरी बसवतील."

"मग बस की घरी. सगळे बसतात."

"माझी लेक तिकडे परदेशात गणवेश घालून उभी आहे. देशासाठी. पोर माझ्यावर सोपवून गेलीय. हिला काही झालं तर तिला मी काय सांगू?"

"तुझ्या डॅनेटला सैन्याने रांगेत उभं करून सगळ्या लशी टोचल्या. तेव्हा तुझं स्वातंत्र्य कुठे गेलं होतं?"

गार्थने मान खाली घातली. "हॉफरनेसुद्धा हात वर केला," तो म्हणाला. "त्याची पोर गेली, तरी केला. मी एकटा काय करणार?"

"तो हात खाली कसा घेईल, गार्थ? खाली घेतला तर पोरीला लस न देऊन आपण काय केलं ते त्याला कळेल ना."

एल्सीने हात पुढे करून व्हर्नाच्या चष्म्याची काडी पकडली आणि ओढली. तिच्या मुठीला बिस्किटाचा वास होता.

व्हर्नाला नाही म्हणायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या हातात काहीतरी होतं आणि समोरच्याला ते हवं होतं. अजून दोन मिनिटं दम धरला असता, तर कदाचित तो वर जाऊन बोललाही असता. कदाचित. तिने मुठीतून चष्मा सोडवला, पेटी उघडली आणि कुपी काढली. तेवढ्यानेच आपण हरलो हे तिला कळलं.

तिने अर्ज पुढे सरकवला. "पालक म्हणून सही."

"नाव न लिहिता नाही होणार?"

"नाही."

त्याने एकदा छताकडे बघितलं आणि बारीक अक्षरात सही केली. वर खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले. सुट्टी संपत आली होती. पुढचा विषय मिरवणुकीत मुख्य रस्त्यावर किती झेंडे लावायचे, हा होता.

"मांडीवर घे. पाय घट्ट धर."

व्हर्नाने गुबगुबीत मांडी कापसाने पुसली. सुई आत गेली, बाहेर आली.

एल्सीने श्वास ओढला, चेहरा लाल केला आणि ओरडायला तोंड उघडलं. त्याच क्षणी गार्थने आपला मोठा तळवा तिच्या तोंडावर दाबला.

"श्श," तो म्हणाला. "वर ऐकू जाईल."

"हात काढ," व्हर्ना म्हणाली.

त्याने काढला नाही. तो छताकडे बघत होता. त्याच्या बोटांच्या वर पोरीचे डोळे मोठे झाले होते, त्यातून पाणी वाहत होतं, आणि खोलीत काहीच आवाज नव्हता.