तीनशे मीटरवरचा कोल्हा

"टू-टू-थ्री रायफलची गोळी हलकी असते. इथल्या वाऱ्यात तीनशे मीटरवर ती भरकटणार. तू टू-फोर-थ्रीच घे," शेजारच्या म्हाताऱ्या मेंढपाळाने तिसऱ्यांदा बजावलं, तेव्हा कुठे माझं ठरलं. सातारा सोडून ऑस्ट्रेलियात मेंढ्या पाळायला लागल्याचं आमचं पहिलंच वर्ष, आणि टेकडीवरच्या कोल्ह्याने तोवर अकरा कोकरं पळवली होती.

दुर्बीण लावून रायफल तयार झाली, नेमकी त्याच दिवशी पितृपक्षातली बाबांची तिथी आली. बायकोने खीर-वड्यांचा घास कुंपणापाशी ठेवला. दोन वाजले तरी एकही कावळा घासाला शिवेना, आणि तो शिवल्याशिवाय आम्हाला जेवायला मिळेना.

"अहो, बाबांची काहीतरी इच्छा राहिली असेल. कबूल करा ना," ती म्हणाली.

भुकेपोटी मी हात जोडले. "बाबा, हवं ते घ्या, मी आड येणार नाही. पण आता घासाला शिवा!"

झुडूप हललं. कोल्हा आला आणि त्याने ताटली चाटूनपुसून साफ केली. माझ्यापासून जेमतेम दहा पावलांवर. दुर्बिणीची गरजच नव्हती. मी रायफलला हात घातला, तर बायकोने नळी खाली दाबली.

"खबरदार! बाबांनी घास घेतलाय." आणि तिने कोल्ह्याला नमस्कार केला.

सकाळी बारावं कोकरू गायब होतं. मी रायफल उचलली.

"शब्द दिलाय तुम्ही," बायको म्हणाली. "आणि बाबांचं नुसत्या खिरीवर कधी भागलंय?"